पेढीचा नवा कारभारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रतिवर्षीच्या प्रघाताप्रमाणे संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या व्यावहारिक विषयावर चार शब्द सांगण्याची कामगिरी कोणावर तरी सोपविली जाते. यंदा ती आमच्याकडे आली. विषय नेमून दिला आहे तो असा, की चालत्या व्यवसायास नवा प्रमुख कसा निवडावा. चिटणीसांचे पत्र हाती पडले तेव्हा पत्त्यात काही चूक झाली असावी असेच आम्हांस प्रथम वाटले. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेला माणूस पेढ्या आणि कारखाने यांविषयी काय सांगणार? परंतु चौकशी करता कळले, की आमचे नाव सुचविणारे गृहस्थ याच सभागृहात बसलेले आहेत. त्यांचा ओतकामाचा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत फराळास आले असता त्यांनी आम्हांस जो प्रश्न विचारला, त्यातूनच हे व्याख्यान निघाले. त्यांच्या संमतीने तो प्रश्न येथे सांगतो.

ते म्हणाले, "गुरुजी, मुलगा कॅनडात स्थायिक झाला, तो काही परत येत नाही. मुलगी डॉक्टर, तिला या धंद्यात रस नाही. माझं वय झालं सत्तरीचं. कारखाना चालवायला कुणीतरी पाहिजे. तुमच्या पाहण्यात आपल्यातला एखादा चांगला माणूस असेल तर सांगा."

आम्ही त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यातील 'पाहण्यातला', 'आपल्यातला' आणि 'चांगला' हे तीनही शब्द आम्हांस पूर्वी एकदा फार महाग पडले होते. ती हकीकत पुढे सांगूच. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत हाच प्रश्न उभा आहे. आजोबांनी पेढी घातली, वडिलांनी वाढविली आणि नातवंडे शिकून पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली. पेढीवर अवलंबून असलेली पन्नास-साठ कुटुंबे मात्र गावातच आहेत. मालक थकला म्हणून पेढी बंद झाली, तर त्या कुटुंबांनी कोठे जावे? तेव्हा हा प्रश्न केवळ मालकाच्या घरचा आहे असे समजू नये.

प्रथम आमच्या अधिकाराविषयी. खरे पाहता आम्हां शिक्षकमंडळींस प्रमुख निवडण्याचा सराव मुळीच नसतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे १९८१ चे जे नियम महाराष्ट्रात आहेत, त्यांप्रमाणे मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने जाते. त्यात सोय अशी, की कोणास निवडावे लागत नाही आणि म्हणून कोणास वाईटही वाटत नाही. गैरसोय कोणती, हे ज्यांनी शाळा पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. तथापि निवृत्तीनंतर आम्ही एका पतसंस्थेचे मानद चिटणीस म्हणून काही वर्षे काम केले आणि त्या काळात दोन वेळा व्यवस्थापक निवडण्याची पाळी आली. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. दुसऱ्या वेळी, निदान इतरांच्या मते, चुकलो नाही. आमचा अधिकार एवढाच.

आता त्या गृहस्थांच्या कारखान्याकडे वळू. कसा माणूस हवा ते कागदावर लिहून आणावे, असे आम्ही त्यांना सुचविले. त्यांनी लिहून आणले: "प्रामाणिक, मेहनती, अनुभवी, निर्व्यसनी, घरच्यासारखा." आम्ही म्हटले, "अण्णा, ही यादी जावई शोधण्याची झाली. कारखान्याचं यात काय आहे?" ते हसले, परंतु त्यांना मुद्दा पटला. मग आम्ही दोघे दोन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो आणि उलट्या बाजूने आरंभ केला. माणूस बाजूला ठेवून, येत्या तीन वर्षांत कारखान्यात काय काय घडावयास हवे, तेवढेच लिहावयाचे ठरले.

त्यातून निघालेल्या गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या असे नाही. फक्त त्या एका कागदावर कधी आल्या नव्हत्या. बहुतेक सारा माल एकच मोठे गिऱ्हाईक उचलते आणि ते पैसे देण्यास विलंब करते. भट्टी जुनी असल्याने विजेचे बिल जड जाते. साचे आणि वाळू यांतले मर्म जाणणारा जुना मिस्त्री दोन वर्षांत निवृत्त होणार आहे आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेले नाही. टाकाऊ निघणाऱ्या कास्टिंगांचा हिशेब महिन्याच्या अखेरीस मांडला जातो, म्हणजे चूक कळते तेव्हा ती महिनाभर होत आलेली असते. हे सारे लिहून झाल्यावर अण्णा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला माझ्यासारखा माणूस नकोय." त्यांच्या डोळ्यांपुढे आजवर लोखंड जाणणारा इंजिनिअर होता. कारखान्याला गरज होती ती नवी गिऱ्हाइके मिळवणाऱ्या, येणे वसूल करणाऱ्या आणि मिस्त्रीची विद्या दुसऱ्या दोघांच्या हाती उतरवून घेणाऱ्या माणसाची. लोखंड जाणणारे त्यांच्याकडे चार जण आधीच आहेत.

बहुतेक निवडी बिघडतात त्या येथेच, असे आमचे मत आहे. काम ठरविण्यापूर्वी आपण माणूस पाहू लागतो. मग जो माणूस आवडतो, त्याच्या अंगच्या गुणांना जुळेल असे काम मनाशी रचतो आणि त्यालाच गरज असे नाव देतो.

हे केवळ लहान गावांत घडते असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटांची हकीकत सर्वश्रुत आहे, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. जमशेटजी टाटांनी १८६८ साली पेढी सुरू केली. १९३८ साली जे. आर. डी. टाटा चौतिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्यानंतर रतन टाटा आले. पंचाहत्तरी गाठताच आपण निवृत्त होणार हे त्यांनी आधीच ठरविले होते. उत्तराधिकारी शोधण्यासाठी २०१० साली पाच जणांची समिती नेमण्यात आली. अशा प्रश्नासाठी समिती नेमणे, तिला अवधी देणे, देशी-परदेशी उमेदवारांचा विचार करणे हे सारे व्यवस्थित झाले, असेच कोणीही म्हणेल. पुढे मौज अशी झाली, की समितीतील एक सभासद, सायरस मिस्त्री, हेच उमेदवार ठरले. अर्थात ते समितीतून बाहेर पडले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे नाव जाहीर झाले. त्यांचे वय तेव्हा ४३ होते. वर्षभर त्यांनी उपाध्यक्ष म्हणून रतन टाटांच्या बरोबर काम केले आणि २०१२ च्या डिसेंबरअखेर सूत्रे हाती घेतली.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी संचालक मंडळाने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. रतन टाटा काही महिन्यांसाठी पुन्हा त्या खुर्चीवर आले. वाद न्यायाधिकरणांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ मार्च २०२१ रोजी निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. मिस्त्री २०२२ साली पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात निवर्तले, रतन टाटा २०२४ साली गेले. दोघेही आज हयात नाहीत, तेव्हा कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक याची चर्चा येथे करू नये. न्यायालयाने कायद्याचा निर्णय दिलेला आहे आणि तो आमच्यासारख्याने उकरण्याचे कारण नाही.

आमचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटा विश्वस्त निधींकडे होते आणि संचालक मंडळावर आपले प्रतिनिधी नेमण्याचा, तसेच काही महत्त्वाच्या निर्णयांत त्या प्रतिनिधींची संमती लागण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. याचा अर्थ असा, की अध्यक्षाच्या खुर्चीवर एक माणूस आणि मालकाच्या खुर्चीवर दुसरी माणसे. अशी व्यवस्था चालूच शकत नाही असे नाही. परंतु कोणती गोष्ट आधी विचारून करावयाची, कोणती करून सांगावयाची आणि कोणती सांगावयाचीही नाही, याविषयी दोहोंच्या समजुती एक असाव्या लागतात. त्या वादाच्या कागदपत्रांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतो. रतन टाटा अध्यक्ष असताना बराच काळ विश्वस्त निधींचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते, म्हणून हा प्रश्न उठलाच नाही. दोन खुर्च्यांवर दोन माणसे बसली आणि तो उठला. समितीने माणूस शोधण्यात सव्वा वर्ष घालविले. खुर्च्यांमधील अंतर मात्र आधी पुरेसे मोजले गेले नसावे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते.

त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये ज्यांची निवड जाहीर झाली, ते नटराजन चंद्रशेखरन हे १९८७ पासून टाटा कन्सल्टन्सीमध्ये काम करीत आलेले आणि २००९ पासून तिचे प्रमुख होते. त्या अध्यक्षपदावर बसलेले ते पहिलेच पारशी नसलेले गृहस्थ. म्हणजे स्थापनेपासून जवळजवळ दीडशे वर्षे लोटल्यावर त्या घराण्याने, त्या समाजाने, आपल्यातला नसलेला परंतु आपल्या नजरेसमोर तीस वर्षे काम केलेला माणूस निवडला. 'आपल्यातला' या शब्दाचा अर्थ कसा बदलतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इन्फोसिसची कथा थोडक्यात सांगतो. १९८१ साली आपल्या पुण्यात निघालेली ही कंपनी. २०१४ पर्यंत संस्थापकच आळीपाळीने तिचे प्रमुख होत आले. त्या वर्षी प्रथमच बाहेरचे, विशाल सिक्का, आले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यापूर्वीचे काही महिने संस्थापकांची जाहीर टीका व प्रमुखाची उत्तरे यांनी वृत्तपत्रे भरली होती. मग नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परत आले, त्यांनी घर शांत केले आणि २ जानेवारी २०१८ पासून सलील पारेख, तेही बाहेरचेच, प्रमुख झाले आणि टिकले. तेव्हा बाहेरचा माणूस टिकत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. बाहेरचा येतो तेव्हा घरातले वडीलधारे काय करीत असतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता आमची हकीकत.

आमच्या पतसंस्थेचे जुने व्यवस्थापक बावीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. अकरा संचालक आणि मानद चिटणीस म्हणून आम्ही. जाहिरात दिली होती, अर्जही आले होते. परंतु खरे सांगावयाचे तर आमच्या मनात एक नाव आधीच होते. तो आमचा विद्यार्थी. चौथीत असताना सापडलेली पाच रुपयांची नोट त्याने आमच्या टेबलावर आणून ठेवली होती. पुढे बी.कॉम. झाला, दुसऱ्या एका संस्थेत हिशेबनीस होता. ज्ञातीतला, सालस, अक्षर मोत्यासारखे. आम्ही त्याचे नाव सुचविले आणि गुरुजींनी सुचविलेला मुलगा म्हणून संचालकांनी मान डोलाविली.

मुलाखती झाल्या, परंतु त्या कशा झाल्या ते ऐका. एका उमेदवारास थकबाकीविषयी विचारले. दुसऱ्यास त्याचे गाव कोणते, मामा कोण, हे विचारले. तिसऱ्यास संगणकाविषयी. आमच्या विद्यार्थ्यास तर कोणी काहीच अवघड विचारले नाही. चहा आला आणि मुलाखत संपली. आम्ही चौतीस वर्षे परीक्षा घेतल्या. एकाच वर्गातील मुलांना वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका देऊन त्यांचे गुण एका यादीत लावले, तर कोणत्याही पालकाने आम्हांस जाब विचारला असता. येथे मात्र तेच करताना आम्हांस काही वावगे वाटले नाही. पुढे वाचनात आले, की श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांतील अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखविले आहे, की सर्वांना ठराविक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कामाचा अंदाज अधिक बरोबर देते. ते वाचून आम्हांस शरम वाटली. हे कळावयास अमेरिकेचे काय काम होते? शाळेतल्या परीक्षेचा अनुभव पुरेसा होता.

दुसरी गोष्ट याहून वाईट. संस्थेत वसुलीचे काम पाहणाऱ्या एक बाई होत्या. चौदा वर्षांची नोकरी. कोणत्या कर्जदाराचा ऊस केव्हा तुटतो, कोणाचे बिल केव्हा जमा होते, कोणाच्या घरी खरी अडचण आहे आणि कोण केवळ टाळाटाळ करतो, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी अर्ज केला नाही. का केला नाही, हे कोणी विचारले नाही. अकरा संचालकांपैकी एकालाही, आणि बाराव्या आम्हांलाही, हे सुचले नाही, की त्यांना बोलावून म्हणावे, "बाई, आपण या जागेचा विचार केला आहे का?"

आमचा विद्यार्थी व्यवस्थापक झाला. त्याच्या प्रामाणिकपणात तिळमात्र उणे नव्हते. परंतु त्याला नाही म्हणता येत नसे. संचालकाचा भाचा आला, कर्ज मंजूर. ज्ञातीतील वजनदार गृहस्थ मुदत वाढवून मागावयास आले, वाढविली. दीड वर्षात थकबाकी इतकी चढली, की लेखापरीक्षकांनी अहवालात कडक शेरा मारला आणि वार्षिक सभेत ठेवीदार उठून बोलू लागले. एका विधवा बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम परत मिळेल ना, असे आम्हांस रस्त्यात थांबवून विचारले. ती मिळाली, कोणाचाही पैसा बुडाला नाही. तथापि तो प्रश्न ऐकल्यानंतर आम्हांस कित्येक रात्री झोप आली नाही.

विद्यार्थ्याने राजीनामा दिला. देण्यापूर्वी एका संध्याकाळी तो घरी आला, पायरीवरच बसला आणि म्हणाला, "गुरुजी, हे काम मला करायचंय का, असं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही नाव सुचवलंत, मग मी नाही कसं म्हणणार?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. तो आता दुसऱ्या गावी पुन्हा हिशेबनीस आहे आणि उत्तम काम करतो, असे ऐकतो. गुरुपौर्णिमेस येत असे, तो येत नाही. बाईंचे म्हणाल तर त्यांनी त्यापूर्वीच दुसऱ्या संस्थेत नोकरी धरली होती. आज त्या तेथे व्यवस्थापक आहेत.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले, ते सांगतो. कामाचा कागद आधी केला. सर्व उमेदवारांना तेच सात प्रश्न, त्याच क्रमाने विचारले आणि प्रत्येक संचालकाने आपले गुण दुसऱ्याशी न बोलता लिहून ठेवले. त्याखेरीज, नावे झाकलेली कर्जाची पाच जुनी प्रकरणे प्रत्येकास एका तासासाठी वाचावयास दिली आणि यांपैकी कोणती नाकाराल व अर्जदारास ते कसे सांगाल, हे विचारले. गोड बोलणारे दोघे तेथेच गळाले. चौकशीसाठी आम्ही उमेदवाराच्या वरिष्ठांखेरीज त्याच्या हाताखाली काम केलेल्या शिपाई-कारकुनांनाही भेटलो, अर्थात उमेदवारास तसे आधी सांगून. वरिष्ठाला माणूस जसा दिसतो तसाच तो हाताखालच्याला दिसतो असे नाही. आणि संस्थेतील प्रत्येक जुन्या कर्मचाऱ्यास बोलावून अर्ज करण्याची इच्छा आहे का, हे आम्ही विचारले. एकाने केला. त्याची निवड झाली नाही, परंतु का झाली नाही हे आम्ही त्यास समोर बसवून सांगितले आणि तो संस्थेतच राहिला.

निवडलेला माणूस आपल्या ज्ञातीतला नव्हता. सभेत एक ज्येष्ठ सभासद संतापून म्हणाले, "संस्था आपली, पैसा आपला, आणि किल्ल्या परक्याच्या हाती?" आम्ही त्यांना नम्रपणे एवढेच विचारले, की ठेवी किती घरांतून आल्या आहेत याची यादी वाचून दाखवू का? यादी वाचण्याची वेळ आली नाही. १९०६ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी संस्था काढली, १९१८ साली सारस्वत संस्था निघाली. दोहोंचा आरंभ आपापल्या समाजातील गरजूंच्या साह्यासाठी झाला आणि पुढे दोहोंच्या बँका सर्वांच्या झाल्या. नागरी सहकारी बँकांस तर रिझर्व्ह बँकेने जून २०२१ मध्ये नियमच घालून दिले. प्रमुख कार्यकारी अधिकारी पदवीधर हवा, वय ३५ ते ७० च्या दरम्यान हवे, एका वेळी पाच वर्षांपलीकडे नेमणूक नाही. त्या नियमांत जातीचा रकाना नाही. आपल्या मुलांस शिष्यवृत्त्या देणे, वसतिगृह चालविणे, हे ज्ञातिमंडळाचे काम आहे आणि ते मंडळ उत्तम करते. पतसंस्थेच्या तिजोरीचे काम वेगळे आहे. हे वाक्य काहींना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

शेवटी पुन्हा अण्णांच्या कारखान्याकडे. कामाचा कागद झाल्यावर दुसरा कागद करावयाचा होता आणि तो अधिक जड गेला. नव्या प्रमुखास कोणते अधिकार असतील? चेकवर एकट्याची सही किती रकमेपर्यंत? माणूस कामावर ठेवण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाचा? अण्णांचा पुतण्या खरेदीचे काम पाहतो. तो नव्या प्रमुखास जबाबदार राहील, की काकांस? या प्रश्नावर अण्णा उठून आत पाणी प्यावयास गेले. परत आल्यावर म्हणाले, "त्याच्या आईला काय सांगू?" आम्ही म्हटले, "ते मात्र तुम्हालाच सांगावं लागेल, कागदावर लिहून भागणार नाही." आठवड्याने त्यांनी भावजयीच्या घरी जाऊन सांगितले आणि परत येऊन कागदावर लिहिले: पुतण्या नव्या प्रमुखाच्या हाताखाली.

पगाराचाही प्रश्न निघाला. बाजारात अशा माणसाचे वेतन काय आहे हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "नोकराला एवढा पगार?" आम्ही विचारले, की आपण नोकर शोधीत आहात, की कारभारी? शाहू महाराजांनी एप्रिल १७२० मध्ये विशीतल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली तेव्हा दरबारातील जाणत्यांनी त्याच्या वयावर बोट ठेवले होते. महाराजांनी वस्त्रे दिली ती दिली. (बाजीराव पेशव्यांचाच मुलगा होता, तेव्हा हा दाखला आमच्या बाजूचा की विरुद्ध, असे अण्णांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु तो बापाबरोबर दिल्लीपर्यंत जाऊन आलेला होता, हेही विसरू नये.)

काही व्यावहारिक गोष्टी ओझरत्या सांगतो. वरिष्ठ माणूस सहसा तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊनच जुनी नोकरी सोडू शकतो, म्हणून आज गरज पडली आणि आज माणूस मिळाला असे होत नाही. माणसे शोधून देणाऱ्या संस्था पहिल्या वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका मोबदला मागतात. लहान कारखान्यास तो परवडेलच असे नाही, परंतु घासाघीस होऊ शकते. मोठ्या कंपन्यांस २०१३ च्या कंपनी कायद्याने रिकामी झालेली प्रमुखाची जागा सहा महिन्यांच्या आत भरावी लागते. खाजगी लहान कंपनीस ते बंधन नाही आणि म्हणूनच आपल्याकडे जागा वर्षानुवर्षे 'पाहू, करू' यावर रिकामी राहते व मालक औषधाची पिशवी घेऊन रोज कारखान्यात जात राहतो.

अण्णांनी जाहिरात दिली. चौघांना बोलाविले, तेच प्रश्न सर्वांना विचारले. एक निवडला आहे, तो आपल्यातला नाही. कराराचा मसुदा वकिलांकडे आहे. नव्या माणसाच्या पूर्वसूचनेचे तीन महिने पुढच्या महिन्यात संपतील. आता एकच गोष्ट ठरावयाची राहिली आहे, ती म्हणजे अण्णांचे टेबल. ते पस्तीस वर्षे कचेरीच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर नजर राहील असे आहे. ते तेथेच ठेवावे, माडीवर न्यावे, की घरी, याविषयी त्यांच्या घरात अजून एकमत झालेले नाही. आमचे मत आम्ही त्यांना खाजगीत दिले आहे.

आकडे आणि नावे काढून टाकलेले ते दोन कागद अण्णांच्या परवानगीने आम्ही बरोबर आणले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या उजव्या बाजूस, पुस्तकांच्या टेबलापाशी भेटावे.